आमच्या कम्प्युटरचा नारळ

कम्प्युटर तयार घ्यावा का घरी जुळवावा, हे मला विचारूच नका. मी एकेक पार्ट मागवून स्वतः जुळवला. त्याच आठवड्यात शेजारच्या संतोषनं नवीन जालन्यातून तयार आणला. त्याच्याकडं हार काय, पेढे काय, सारी गल्ली गोळा! माझी आईच ओवाळायचं ताट घेऊन गेल्ती. परत येऊन म्हणते, "कसला देखणा हाय रे!"

माझा नुसता जळफळाट. म्हणलं, "आई, माझा कधीचा चालू झालाय, अन् त्याच्या दुप्पट पळतो. आपला नारळ कधी फोडायचा?"

आईनं माझ्या उघड्या डब्याकडं, लोंबणाऱ्या वायरींकडं पाह्यलं अन् मायेनं म्हणाली, "फोडू की रे बाळा. पयले सगळा येऊ तर दे!"