रावणाच्या घरून दोन शब्द

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कारभारीअण्णा, व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे, महिला मंडळाच्या वत्सलाबाई, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मी चिमणाबाई. आत्ता ज्यांना शाल-श्रीफळ दिलंत त्या पुंजा यांची, म्हणजे तुमच्या रावणाची, बायको. वत्सलाबाईंनी बजावलंय, "आभाराचे दोन शब्द बोला आणि बसा." आभार मी मानणारच आहे. बसायचं मात्र शेवटी बघू.

चौऱ्याहत्तर साली आम्ही पेठच्या डोंगरातून सातपूरला आलो. अण्णा फोरमन. त्यांनी यांना कारखान्यात चिकटवलं, खोली मिळवून दिली. ते उपकार आम्ही कधी नाकारले नाहीत. पुढे अण्णा आमच्या गावी बोहाड्याला आले. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून गावातून सोंगं नाचवतात, तो आमचा उत्सव. त्यातलं रावणाचं सोंग आमच्या घराकडे. अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या एक मेच्या मिरवणुकीत आणलं. लेझीमवाल्या मुली, ट्रकवर मावळे, मोरपिसांच्या टोपीतले वासुदेव, आणि सगळ्यांच्या पुढे आमचा रावण. काय शोभा येते! रावण पंचवटीकडे निघाला म्हटल्यावर नाशिककर गर्दी करणारच की.

पण अण्णा, एक गोष्ट तुम्ही गावीच विसरलात. आमच्याकडे रावण संबळाच्या तालावर दोन फेऱ्या नाचतो. लगेच दोघे जण पुढे होऊन सोंग उतरवतात. ज्याने चढवलं त्याने आपल्या हाताने उतरवायचं नसतं. इथे सातपूरपासून थेट पंचवटीत गंगेपर्यंत, मे महिन्याच्या उन्हात चालायचं, आणि उतरवायला कुणी नाही! बांबूचा सांगाडा, त्यावर दहा तोंडं, सगळं छातीशी सुतळीने आवळलेलं. आत कुणी कधी डोकावलंय का?

गेल्या वर्षी शालिमार चौकात हे गुडघ्यांवर कोसळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लय भारी पडतो राव!" वर गुलाल उधळला. मी तांब्या घेऊन धावले, तर दोरी धरलेली पोरं म्हणतात, "मावशी, मिरवणुकीत मधे येऊ नका." आतून आवाज येत होता, "पानी. चिमणे, पानी." लोकांना वाटलं, रावण गुरगुरतोय. दहा तोंडं, आणि पाणी प्यायला एकही नाही. मला रडू फुटलं. आणि रागही आला, तो यांचाच. कारण हे उठून पुन्हा चालायला लागले.

घरी आल्यावर म्हटलं, "एकदा नाही म्हणा की." तर म्हणतात, "अन्नांनी नाव पुकारल्यावर कसा नाय म्हनू? काम त्यांच्या हाताखाली, खोली त्यांच्यामुळं. आन् पुकारल्यावर उठायचं, ह्यो आपलाच रिवाज हाय."

खरं आहे. हा रिवाज मात्र अण्णांनी आठवणीने आणला. दरसाल भर सभेत नाव पुकारतात, आणि हे उठतात. यंदा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, छाती खराब झाली आहे, पुन्हा हे ओझं घेतलं तर माणूस हाती लागणार नाही. तेव्हाच नेमका सत्कार ठरला. शाल पांघरलेला माणूस नाही कसं म्हणणार? आणि कार्यक्रमात माझ्यानंतर काय आहे? सोंग पुकारणं. बघा, कसे बसलेत. एवढ्या उकाड्यातही शाल काढलेली नाही.

अण्णा, रिवाज पाळायचा तर पुरता पाळू या. आमच्याकडे माणसाला नाही, घराला पुकारतात. घरातलं जे कुणी उभं असेल त्याच्या हाती सोंग जातं. ते नाचवायचं की पेटीत ठेवायचं, हे मग त्या घराने ठरवायचं. आमच्या घराने ठरवलं आहे. उद्या पेठच्या एस.टी.ने रावण गावी जाईल.

मंडळाने आमचा मान केला, त्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. डोंगरातली बाई आहे, बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला.

अण्णा, पुकारा आता. मी उभी आहे. आणि अहो, तुम्ही उठू नका.