कॅनडातल्या कानात कुर्र

दिल्लीहून शिकून माझ्या गावी, तेरला परतले, ती इंटरनेटचा जन्म कसा झाला यावर गावोगावी करायचं भाषण घेऊनच. पहिलं भाषण तेरमध्येच केलं. वाटलं होतं, लोक प्रश्नांवर प्रश्न विचारतील. विचारला तो एकीनंच. शेजारच्या नंदाक्का म्हणाल्या, "यातून बाळाच्या कानात नाव सांगता येतंय का?" त्यांच्या भावाची तान्ही मुलगी कॅनडात, बारसं त्याच संध्याकाळी, आणि कुर्र करायचा मान आत्याचा.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडं अक्कांच्या वहिनीनं फोन बाळाच्या कानाशी धरला. अक्का पुटपुटल्या.

"ऐकू येत नाही, ताई. मोठ्यानं बोला."

"नाव कानात सांगायचं असतंय, बोंबलायचं न्हाय," म्हणत अक्कांनी "कुर्र, शर्..." सुरू केलं. तेवढ्यात रीतीप्रमाणे जमलेल्या बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. फोन हातातून उडाला आणि कॉल तुटला.

अक्कांचे डोळे भरले. मी म्हणाले, "अहो, इंटरनेटच्या या जाळ्यावरच्या पहिल्या निरोपाचीही दोनच अक्षरं पोचली होती. मग यंत्र बंद पडलं."

"मग सोडून दिलं व्हय त्यांनी?"

"नाही, परत पाठवला."

"मग लाव की परत."

या वेळी फोन मी धरला. धपाटे पडले, आणि शर्वरी हे नाव पुरतं पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, पुढच्या गावात भाषण अक्कांनीच करायचं. मी फक्त फोन धरणार.