क्राम्पुसचा जबडा

—नाही हो मैत्रेयीताई, पाणी नको. तो पोलीस परत येईस्तोवर मला मराठीत बोलू द्या, एवढंच. तुम्ही दुभाषी म्हणून थेट रेगेन्सबर्गहून जर्मनीतल्या या आडगावात आलात, उपकार झाले. मी सुकन्या, कऱ्हाडची. वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आलेय — ज्यांची बुद्धी लहानच राहिली अशा मोठ्या माणसांचं घर आहे, त्यालाच लागून गोठा. त्यांच्यातच राहायचं, त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, गाई पिळायच्या. आणि गावानं मला आपलं म्हटलं हो! चर्चच्या गाण्यात घेतलं, गावच्या अग्निशमन दलात घेतलं, म्हाताऱ्या बायका दारात केक ठेवून जायच्या. आता त्याच म्हणतायत, पोरगी रानटी निघाली, आमच्या बेनेडिक्टचा जबडा फोडला. फोडलाच! मी कुठं नाही म्हणतेय?

तुम्ही शहरातल्या, तुम्हाला क्राम्पुस, वात्रट पोरांना झोडपणारा तो शिंगवाला राक्षस, मिरवणुकीपुरता ठाऊक. इथं तो घरात शिरतो. पाच डिसेंबरला, तिन्हीसांजेला. गावातलीच पोरं — अंगावर बकऱ्याची कातडी, शिंगांचा लाकडी मुखवटा, कमरेला गाईच्या घंटा, हातात फोक. पोटऱ्यांवर सटासट मारतात, आपण किंचाळायचं, मग घोटभर दारू पाजून वाटेला लावायचं. आणि दार उघडं ठेवायचं, हे मात्र मला कुणीच सांगितलं नाही. मी घंटा ऐकल्या, खिडकीतून शिंगं बघितली आणि घातली कडी. मारायला आलेल्याला काय, या बसा म्हणू? तर त्या दिवशी कडी घालणं म्हणजे क्राम्पुसला आव्हान, दार मोडायची परवानगीच. मोडलंच त्यांनी. कडी उडून भिंतीवर आदळली, माझ्या कपाळाला ही खोक पडली ती दाराच्या फळीची.

हो, बरोबर, हेच सांगायचंय. वकीलबाई पण म्हणाल्या — तोंडावर मुखवटा, कोण ते कळलं नाही, घाबरले, हाताला लागलं ते हाणलं. बस. एवढं म्हटलं की मी सुटले, परत घरी, माझ्या लीझलकडे. लीझल म्हणजे आमच्यातली सगळ्यात भित्री. चाळिशीची बाई, पण माझा पदर — पदर कुठला, जॅकेट धरून फिरते. ती शेगडीमागं जाऊन बसली होती. चौघंजण आत आले, एकानं मला पोटऱ्यांवर असं झोडपलं की पायमोज्यातून रक्त आलं, आणि दुसरा सरळ तिच्याकडे. मारलं नाही हो त्यानं तिला. वाकला, तिच्या कानाशी मुखवटा नेला आणि नुसतं 'ब्झ्झ्झ' केलं. ती जागच्या जागी मुतली, ताई. मग मी सरपणातला ओंडका उचलला. पहिला घाव मुखवट्यावर बसला, मुखवटा फुटला. आतून बेनेडिक्ट ओरडला, सुकन्या, मी आहे, मी! दुसरा जबड्यावर. तिसरा कुठं बसला आठवत नाही, तिघांनी मिळून ओढलं मला.

काय? ब्झ्झ्झ म्हणजे काय? ...म्हणजे करंट. गुरांच्या कुंपणाचा. अहो, तो बेनेडिक्ट लीझलचा हात धरून त्या तारेवर ठेवायचा, दोस्तांना हसवायला. तोंडानं आधी तसा आवाज काढायचा. ती झटका बसून पडायची आणि सगळे हसले की तीही हसायची, मेली. मी पाहिलं, आमच्या मुख्य बाईंना, फ्राउ हूबरना सांगितलं. तर म्हणाल्या, सुकन्या, तो आपल्याला चारा देतो, गावात राहायचंय, लहान गोष्ट मोठी करू नकोस. आणि मी गप्प बसले. केक खात बसले!

अशा काय बघताय? ...हां. म्हणजे आवाजावरून कळलंच होतं मला. मुखवटा तोंडावर असतानाच. हे बघा, हे तुम्ही सांगू नका ना — काय? शपथ घेतलीय? ऐकलेलं सगळं सांगावं लागतं?

पण मग माझं काय? आणि थांबा — ओळखलं नाही म्हटलं, तर त्या बेनेडिक्टचं काय? जबडा सांधून होईल, अंगणातून पुन्हा गोठ्यात येईल चारा घेऊन. लीझलला कोण विचारणार? विचारलं तर ती हसणार! माझ्यापाशी सुटायचा रस्ता आहे, तिच्यापाशी काही नाही. नरडीचा घोट घ्यावासा वाटतो हो मला त्याच्या, अजूनही, इथं बसल्या बसल्या.

आला वाटतं साहेब. ताई, घसा खाकरू नका. सांगा त्याला — ओळखलं होतं, ओळखून मारलं, आणि का मारलं ते आधी विचार म्हणावं. सांगा ना! अहो, रडताय काय? सरका तिकडं. मीच सांगते.