कर्नल कणसे निकाल बदलत नाहीत

बोला, ज्याच्या दरबारात वशिला चालत नाही त्या विठुरायाचं नाव बोला!

मंडळी, ऐका. आज एकच सवाल घेऊन उभा आहे. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याच मर्जीविरुद्ध निवाडा द्यायची पाळी आली, तर ती नमकहरामी म्हणायची का इमान? — लगेच माना हलवू नका! टाळकरी, तुम्ही तर आधीच हलवायला लागलात. आख्यान तरी होऊ द्या!

लेफ्टनंट कर्नल संताजीराव कणसे. खटाव तालुक्यातला गडी. पलटणीत उभी हयात गेली. बढतीच्या यादीत नाव लागायचं, ते आज-उद्यावर आलेलं. घरी सुमित्राबाईंनी पेढ्यांची ऑर्डर सांगून ठेवलेली — काय करता, बायकांना खात्री फार!

आणि तेवढ्यात हुकूम आला. लष्करी अदालत बसणार, अध्यक्ष कर्नल कणसे.

खटला काय? पलटणीचा सराव चालला होता. नदीला पाणी चढलेलं. ट्रकचा ड्रायव्हर थंगराज, हुद्दा नाईकाचा, लांब तमिळ मुलखातला. तो म्हणाला, "साहेब, पाणी उतरू द्या." शेजारी बसलेला मेजर म्हणाला, "घाल गाडी!" फौजेत हुकूम म्हणजे हुकूम. घातली! गाडी उलटली. मागं बसलेले तीन जवान वाहून गेले. मेजर वाचला, थंगराज झाडाला धरून वाचला.

आता सांगा, खटला कुणावर झाला? — बरोब्बर! ड्रायव्हरवर! मेजर म्हणजे, ज्यांच्या हुकुमानं ही अदालत बसली त्या जनरलसाहेबांचा उजवा हात. उजव्या हातावर खटला भरतं का कोणी?

अदालत बसली. पाच अधिकारी. प्रत्येकानं शपथ घेतली: न्याय करीन, भीड धरणार नाही, आणि कुणी काय मत दिलं ते कुणाला सांगणार नाही. मंडळी, ही शेवटची ओळ ध्यानात असू द्या. याच ओळीनं त्या माणसाला एकटं पाडलं.

मागच्या ट्रकचा शिपाई साक्षीला उभा राहिला. बोलला: "थंगराज नको म्हणत होता. मेजरसाहेबांनी हुकूम दिला. पाणी बघायला मी उतरून पुढं आलो होतो, कानांनी ऐकलं." मेजरला विचारलं. मेजर म्हणाला, "मला आठवत नाही."

आठवत नाही! तीन पोरं गेली, आणि आठवत नाही!

निकालाच्या आधी जनरलसाहेबांनी कणशांना चहाला बोलावलं. "कणसे, निकाल काय द्यायचा ते मी सांगणार नाही हं. तो तुमचा अधिकार. फक्त पलटणीची शिस्त ढासळता कामा नये. ... आणि हो, तुमचा वार्षिक शेरा याच महिन्यात लिहायचाय मला. बिस्कीट घ्या ना!"

चहात साखर किती होती ते मला ठाऊक नाही मंडळी. धमकी मात्र चांगली विरघळलेली होती!

कर्नल बाहेर आले. वाटलं, कुणाशी तरी बोलावं. पण कुणाशी? पलटणीतले सगळे जनरलसाहेबांच्या हाताखालचे. सुमित्राबाई दारातच म्हणाल्या, "अहो, चेहरा का उतरलाय?" ते म्हणाले, "काही नाही."

मतं घेतली. लष्करी अदालतीत सगळ्यांत धाकटा आधी बोलतो — मोठ्याचं तोंड बघून लहानानं मत देऊ नये म्हणून. शहाण्या माणसानं केलाय हो हा नियम! मग कुणी काय मत दिलं? मला काय विचारता! कर्नलनी बायकोला सांगितलं नाही, ते मला कुठून कळणार?

निकाल आला — थंगराज निर्दोष!

जनरलसाहेबांनी तो परत पाठवला. "फेरविचार करा." कायद्यानं एकदा तसं सांगता येतं. पाचही जण पुन्हा बसले. कणशांनी पुरावा पहिल्यापासून वाचून काढला, पुन्हा मतं घेतली, आणि उभं राहून वाचलं: "अदालत आपल्या निकालावर कायम आहे." मग मात्र जनरलसाहेबांना सही करावी लागली. अडवून धरलं असतं तर वर बोभाटा झाला असता.

थंगराज सुटला. आणि कर्नल कणसे?

बढतीच्या यादीत नाव नाही. बदली झाली दूर वाळवंटातल्या गोदामावर. सुमित्राबाई लेकीच्या शाळेसाठी मागं राहिल्या. निरोपाच्या जेवणाला मेसमध्ये कणशांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या! काल खांद्यावर हात टाकणारे आज ताटात बघून जेवत होते. आभार मानायला थंगराजही आला नाही. येणार कसा? आपल्या बाजूनं कोण होतं, ते त्याला तरी कुठं माहीत!

एक माणूस मात्र आला. वाहून गेलेल्या एका पोराचा बाप, बुलढाण्याकडचे किसनराव ठोंबरे. पत्ता विचारत विचारत गोदामाच्या फाटकात उभे.

"सायेब, माह्या पोराले बुडवणारा सुटला म्हणते. तुमीच सोडला का?"

मंडळी, शपथ गळ्याशी! कर्नल म्हणाले, "दादा, मत कुणाचं काय होतं ते मला सांगता येत नाही. पण उघड अदालतीत साक्षीदार जे बोलला, ते सांगतो. बसा."

सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंग हुकूम देनाऱ्याचं काय झालं?"

"त्याचा खटला माझ्यापुढं कुणी आणलाच नाही, दादा."

किसनराव उठले. पुढं केलेलं पाणी प्याले नाहीत. उन्हात वाट तुडवत निघाले. कर्नल फाटकाशी उभे राहिले, पागोटं दिसेनासं होईपर्यंत. मग आत गेले. बोलायला आत कोणी नव्हतं.

आता माझ्या सवालाचं उत्तर. मीठ जनरलसाहेबांचं नव्हतंच, बाबांनो! पगार देशाचा. देश कुणाचा? तुमचा! बोटाला शाई लावून मत कोण देतं? तुम्हीच ना? म्हणजे ते मीठ तुमचं, आणि त्या मिठाला कणसे जागले.

पण खटला कुणावर ते जनरल ठरवणार, न्याय कोण करणार ते जनरल ठरवणार, न्याय करणाऱ्याची बढती जनरल ठरवणार! मग उरलं काय? एका माणसाची छाती! आज कणशांची होती. उद्या ती जागा दुसऱ्या कुणाची असेल, त्यालाही लेकरं असतील, चहाचं बोलावणं त्यालाही येईल. त्याला वाकवता येऊ नये असा कायदा मागायचा कुणी? शिपायाला बोलता येत नाही, त्याच्या तोंडाला हुकुमाचं कुलूप. बोलता येतं फक्त तुम्हाला.

तुम्ही सीमेवरच्या जवानासाठी टाळ्या वाजवता. त्याच जवानाला अदालतीत उभं करतात, तेव्हा त्याच्यामागं कोण असतं, हे विचारलंत कधी?

... टाळकरी, आता का मान हलत नाही?