बत्तीस वेळा बदललेलं पाणी

नावाडी : हे पाणी नव्हे गं पोरी, हे सरबत झालंय. नदी कधी इतकी चकाकते का?

लेक : आबा, चकाकी मी शेवटी कमी करते. आधी पडद्यावरची हालचाल बघा. ही आपली होडी, हे सहा उतारू, आणि मागे वल्हं घेऊन हा उभा.

नावाडी : तो मी?

लेक : तुम्हीच.

नावाडी : बापाला बराच वाळवलास की!

लेक : वजन बरोबर घातलंय. पाण्याला रूप कुठं कळतं? त्याला वजनच कळतं.

नावाडी : खरंय बाई. आणि ह्या कडेला बसलेल्या... शाळेच्या बाई ना? त्यांना जरा आत सरकव.

लेक : बसल्या होत्या तिथंच बसवाव्या लागतील, आबा.

नावाडी : हं. बुडाल्या त्याला चार महिने झाले. हे असू दे. मधल्या धारेत तळाशी खडक आहे, तो घातलास? तिथं पाणी वळसा घेतं, पण वर नुसती एक आठी दिसते. आईच्या कपाळावर उमटावी तशी.

लेक : घातला. ही बघा आठी.

नावाडी : अगं, हुबेहूब! जाहिरातीतल्या बाटल्यांवर थेंब काढता काढता माझी नदी उतरवलीस की. देवाचा हात आहे तुझ्यावर. आता होडी उलटली ती लाट दाखव.

लेक : त्यासाठीच बोलावलं तुम्हाला. लाट येत नाही.

नावाडी : येत नाही म्हणजे? उद्या अकराला चौकशी समितीपुढं ठेवायचंय. वकीलसाहेब म्हणाले ना, तोंडानं सांगून झालं, आता डोळ्यांना दिसू दे.

लेक : त्या दिवशी वारा नव्हता, तसा शून्य घातला. खोली घातली, ओढ घातली, खडक घातला. बत्तीस वेळा पाणी बदललं. होडी डुलते आणि आपली पुढं जाते.

नावाडी : मग तुझं यंत्र खोटं.

लेक : असेल. म्हणून मग माणसं हलवून पाहिली. एकेकाला. उतारूंपैकी कुणीही हललं तरी काही होत नाही. मागचा माणूस डावीकडे येऊन काठावरून वाकला, की उलटते. दर वेळी.



नावाडी : लाट तुला काढता येत नाही का?

लेक : न यायला काय झालं? दोन मिनिटांचं काम. डोंगराएवढी म्हणाल तर डोंगराएवढी.

नावाडी : मग काढ की, बाळ.

लेक : कुठून आली विचारलं तर काय सांगू?

नावाडी : सांग, माझ्या बापानं पाहिली.

लेक : पाहिलीत?

नावाडी : पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं. मग पोलिसांना तेच सांगितलं, तुझ्या आईला तेच. सांगून सांगून आता डोळे मिटले की दिसते मेली.

लेक : आबा, मी तुमची झडती घेत नाहीये. पण सगळं चित्र तयार व्हायला सतरा तास लागतात. साडेपाचला लावलं नाही तर उद्या हाती काही नाही. सव्वापाच झालेत. तुम्ही म्हणाल ते करते.

नावाडी : परवाना जाईल.

लेक : जाईल.

नावाडी : परवा बाईंचे यजमान भेटले रस्त्यात. माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नदीपुढं कुणाचं काय चालतं, दादा." मी मान डोलावली गं! तीस वर्षं पोसलं जिनं, तिच्यावर आळ घेऊन वर मान डोलावली.

लेक : का वाकलात, आबा?

नावाडी : चप्पल. उतारूंत ती चिमुरडी होती ना, तिची चप्पल पडली पाण्यात. नवीकोरी. लागली रडायला. बाई म्हणत होत्या, "जाऊ दे गं, राहू दे." मीच म्हटलं, "थांबा हो बाई, मी आहे ना."

लेक : मग हेच सांगा उद्या. लोक समजून घेतील.

नावाडी : लोक घेतील. आणि ती पोर? सात वर्षांची आहे. तिनं काय जन्मभर समजायचं, माझ्या चपलेपायी बाई गेल्या म्हणून?

लेक : पाच सत्तावीस, आबा.

नावाडी : लाट नको.

लेक : आणि चप्पल?

नावाडी : तीही नको. पाणी आहे तसं राहू दे.

लेक : मग हा माणूस वाकला कशाला, विचारतील की.

नावाडी : विचारू देत. म्हणेन, चुकलो.

लेक : सगळं तुमच्यावर येईल हो. बघा, एकदा लावलं की मग मला बदलता यायचं नाही.

नावाडी : थांब जरा. वाकताना त्याचा डावा गुडघा टेकव. उजवा मी टेकवत नाही, दुखतो.