चौथऱ्यावरची टाकी

आयर्लंडमधल्या आमच्या लिट्रीममध्ये पोस्टाच्या दोनपैकी एक खिडकी कायम बंद असते, म्हणून रांगेत पुढच्यांचं सगळं ऐकावं लागतं. पुढे डिमफ्ना होती आणि तिची मैत्रीण नुआला.

"बसला का गं आईचा घर तापवायचा बॉयलर?" नुआलानं विचारलं.

"बॉयलर कधीच बसला. घोडं अडलं त्याच्या जळणाच्या तेलाच्या टाकीवर."

"मागच्या अंगणात ठेवायची की!"

"फिटर म्हणाला, टाकी घरापासून लांब हवी, अन् उंचावर हवी, म्हणजे तेल नळीतून आपसूक उतरतं. तसा चौथरा एकच. त्यावर मरियामातेची मूर्ती उभी."

"झालं!"

"आई म्हणाली, गारठून मरेन, पण तिला हलवणार नाही. खोकून बरगड्या दुखायच्या, तरी कोट घालून झोपायची."

"फादरना विचारायचं."

"विचारलं. म्हणाले, श्रद्धेची ऊब पुरते. गाडीच्या गरम सीटवर बसून, काच जराशी खाली करून."

"मेल्याला झोपव तिच्या खोलीत!"

"शेवटी मीच म्हटलं, आई, त्या बाईनं ऐन डिसेंबरात गोठ्यात बाळंतपण काढलं. अन् तू तिला चाळीस वर्षं पावसात उभं ठेवलंस?"

"मग?"

"रडली. म्हणाली, आणा तिला आत. आता चौथऱ्यावर टाकी अन् मरियामाता खोलीतल्या गरम रेडिएटरला टेकून."

"खोकला?"

"गेला. पण घराची भट्टी झालीय. बॉयलर बंद करायला गेले, तर म्हातारी खेकसली, 'मला कुठं थंडी वाजते? तिला वाजते!'"