साडू खाली, मी वर

हसा, हसून घ्या. मला काय, मला इथून हलता येत नाही, दोराचं हे टोक माझ्या कमरेला आहे आणि त्या टोकाला माझा साडू लटकलाय, तुमच्या दवाखान्याच्या विहिरीत, भिंतीतली मुळं काढत. मी शिंकलो तरी तो झोके घेईल. म्हणून उभा आहे खांबासारखा आणि ऐकतोय. मघाशी या नर्सबाई काय म्हणाल्या, "काकांचं बरंय, स्वतः वर सावलीत आणि त्या बिचाऱ्याला घातलंय खाली." ऐकलं मी. कान नाही जाड झालेत माझे, बाकी सगळं झालंय.

तुम्हाला सांगतो बाई, मला राग लवकर येतो, घरचे म्हणतात नाकावरच असतो, पण तुमचा नाही आला. कारण तुम्ही बोललात ते खरं आहे. ही विहीर माझी होती. पाळी माझी होती... आणि तो बघा, खाली कोण खोकतोय.

आमचं कसं आहे, पोरं रांगत होती तेव्हापासून आम्ही दोघं हेच काम करतो. एक दोर, एक कप्पी आणि एक नियम, ही विहीर तू उतर, पुढची मी. खाली गेलेला गारठ्यात, चिखलात, मुंडी वर करून बघायचं तर नाकात पाणी. वर राहिलेला दोर धरून. आता वरचा माणूस खालच्यापेक्षा हलका असला तर काय होईल, सांगा. खालचा जाईल तळाला आणि वरचा जाऊन कप्पीला चिकटेल, बोंबलत. म्हणून दोघं सारख्या वजनाचे पाहिजेत. त्यासाठी दरसाल काम सुरू करायच्या आधी आम्ही दाणेवाल्याच्या दुकानात जातो. तिथं पोती तोलायचा मोठा तराजू आहे, साखळ्यांचा. एका पारड्यात साडू मांडी घालून बसतो, एकात मी. दाणेवाला म्हणतो, "बसली बघा राजाराणी." म्हणू दे. काटा मधोमध थांबला की आम्ही उतरायचं, चहा प्यायचा आणि मग दोराला हात लावायचा. आणि काटा दरसाल मधोमध, हं. सख्ख्या भावांचं जमत नाही इतकं आमचं जमलेलं.

मग पोरीनं आम्हाला बोटीवर पाठवलं.

पोरगी त्या मोठ्या क्रूझवर कपडे धुवायच्या खात्यात आहे. तिथं काम करणाऱ्यांना आईबापाला एकदा फिरवता येतं. मी म्हटलं, मला पाण्याचं काय कौतुक, मी जन्मभर पाण्यातच उतरलोय. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही उतरलात. मी कधी उतरले?" पिशवी भरायला घेतली.

साडू सोडायला आला स्टँडवर. माझी पिशवी त्याच्या डोक्यावर. म्हणाला, "जपून खा रे. आल्या आल्या तीन विहिरी आहेत, शेवटची दवाखान्याची, आणि पहिली पाळी तुझी आहे. माझा गुडघा यंदा बरा नाही." मी चिडलो. "मी काय खादाड आहे का? मला काय समजतोस तू?" सगळ्या स्टँडसमोर ओरडलो मी त्याच्यावर. माझी पिशवी डोक्यावर घेतलेल्या माणसावर.

आणि खादाड मी नाहीच, आजही नाही. मला फक्त टाकलेलं बघवत नाही. लहानपणी ताटात कण राहिला तर आई पाठीत घालायची, ती पाठ अजून शाबूत आहे, ती विसरत नाही. आता त्या बोटीवर काय, एवढा मोठा हॉल, गोल टेबलं, आमच्या टेबलावर आम्ही दोघं आणि एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको आणि तिच्या मैत्रिणी. मधोमध परातीएवढी ताटं येऊन पडायची. मासे, बटाटे, लोण्यात परतलेल्या भाज्या, पाव तर डोंगरासारखे. आणि ही माणसं काय करायची? चमचाभर घ्यायची, त्यातलं अर्धं चाखायची, "छान आहे" म्हणायची आणि ताट सरकवायची. एकदा वाढपी उचलायला आला तेव्हा मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हे कुठं नेतोस?"

"खाली, सर. मशीन आहे, सगळं दळून टाकतो."

"हा अख्खा मासा? दळून?"

"हो सर." हसत होता, गोड पोरगा.

आता तुम्ही सांगा. त्या माशाला तोंड सुद्धा लागलेलं नाही, डोळे उघडे ठेवून बघतोय माझ्याकडं... टाकायचं का?

मी म्हटलं, ठेव खाली. बायको टेबलाखालून पाय दाबतेय, दातांचा डॉक्टर बघतोय, मी त्याला म्हटलं, "बघता काय, दात आहेत माझे, सगळे आहेत." संपवला. पाठोपाठ बटाटे संपवले. परात पुसून काढली पावानं, अशी की आरशासारखी. आणि बरं वाटलं हो मला, विहीर साफ केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परात मोठी. मी म्हटलं असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी मोठी, वर एक केक. मग माझ्या डोक्यात आलं, हा आतला आचारी मला जोखतोय. बघू म्हणतोय, हा खेडवळ किती टिकतो. असं? मी काय मागं हटणारा माणूस आहे? तो पाठवायचा, मी रिकामं पाठवायचो. तो दोन पाठवायचा, मी दोन रिकामी. माणूस दिसला नाही कधी, पण भांडण चाललं होतं आमचं, परातीपरातीनं.

आणि वजनाचं मला कळत नव्हतं असं नाही. मी पट्टा नाही लावत, दोराचाच तुकडा बांधतो कमरेला, धंद्याची सवय. रोज सकाळी गाठ मारायला बसलो की गाठ आपली टोकाकडं सरकलेली. शेवटी शेवटी तर गाठीला दोरच उरला नाही, बायकोनं तिची ओढणी दिली. फुलाफुलांची. ती बांधून हिंडलो मी बोटभर.

मग उपाय केले. जिने चढायचं ठरवलं. आता त्या बोटीची अक्कल बघा, प्रत्येक जिना जिथं संपतो तिथं कोणीतरी टोपी घालून आइस्क्रीम घेऊन उभा. धापा टाकत पोचायचं आणि तो वाटी पुढं करायचा, "सर, दमलात." भरलेली वाटी. विरघळायला लागलेली, माझ्या डोळ्यांदेखत. टाकायचं का?

व्यायामाच्या खोलीत गेलो. तिथं एक पट्टा फिरतो आणि त्यावर माणूस चालतो, चालतो, आणि तिथंच राहतो. मास्तर शिट्टी वाजवतोय, "चला काका, छान काका!" मी म्हटलं, अरे घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो, मी काय काढतोय? तो म्हणाला, "घाम." उतरलो. घाम काढायला मी एवढ्या लांब आलो होतो काय.

आणि लिफ्टचं ऐका. मी पाय ठेवला, घंटा वाजायला लागली. आत माणसं होती, सगळी एकमेकांकडं बघतायत. बायको बिचारी चटकन उतरली, म्हणाली, "माझ्यामुळं असेल." घंटा चालूच. मग मी उतरलो. बंद. आणि दार लागता लागता आतला एक माणूस म्हणाला, "हुश्श." सोडलं नसतं मी त्याला, पण लिफ्ट गेली.

रात्री बायको म्हणाली, "अहो, पुरे करा आता. तिकडं भाऊजी वाट बघतायत." ती साडूला भाऊजी म्हणते. मी म्हटलं, "एवढं काय, घरी गेलो की दोन विहिरींत उतरेल सगळं." असं म्हणालो मी. उतरेल म्हणालो.

शेवटच्या संध्याकाळी तो आचारी स्वतः बाहेर आला. मी बाह्या सरसावल्या, म्हटलं आज होऊनच जाऊ दे. तर हा एवढासा, म्हातारा, चष्म्यावर वाफ धरलेली. माझा हात दोन्ही हातात घेतला आणि म्हणतो कसा, "साहेब, माफ करा. तुमच्या टेबलावरनं रोज भांडी चाटूनपुसून यायची. मला वाटायचं, पुरत नाही, कोणीतरी अर्धपोटी उठतंय. म्हणून रोज वाढवत गेलो. आज तरी पोट भरलं का?"

तो मला उपाशी समजत होता आणि मी त्याला वैरी. आणि मी कोण, तर विहीरवाला. उपसलं की झरा जोर धरतो, हे मला कोणी शिकवायला पाहिजे? जन्म गेला माझा त्यात. एक घास ठेवायला हवा होता हो. परातीत एक घास ठेवला असता पहिल्याच दिवशी तर तो म्हातारा तिथंच थांबला असता. आणि त्यानं त्या दिवशी काय आणलं होतं हातात? केक. माझ्यासाठी, वेगळा. डोळ्यात पाणी आणून पुढं केला. टाकायचं का?

घरी आलो. साडू स्टँडवर घ्यायला. मला बघितलं, पिशवी घेतली. तसेच निघालो दाणेवाल्याकडं. मीच बडबडतोय, "कपडे जाड आहेत, बोटीवरची हवा असते अंगात, दोन दिवसांत जाते." तो आपला लंगडत चाललाय, गुडघ्यावर हात ठेवून.

बसलो पारड्यात. साखळ्या करकरल्या. माझं पारडं गेलं खाली धाडकन, जमिनीला टेकलं, आणि साडू वर. वर म्हणजे कुठं, दाणेवाल्याच्या माळ्याला डोकं लागलं त्याचं. लोंबकळतोय तिथं, पाय हलवत. दाणेवाला नेहमीचं बोलणार होता, ते सोडून तो वजनं शोधायला लागला. त्यानं गुपचूप एक वजन ठेवलं साडूकडं. मग दुसरं. मग मी ओरडलो, "पुरे की, किती ठेवतोस!" आणि दुकानातली गिऱ्हाईकं बाहेर गेली, हसायला.

आता मी खाली उतरायचं म्हटलं तर साडू वर उडणार. म्हणजे मी विहिरीत जाऊच शकत नाही. म्हणजे माझी पाळी पण त्याची. खाल्लं मी आणि चिखलात कोण जाणार, तर ज्यानं बोट चित्रात सुद्धा बघितली नाही तो. दुखऱ्या गुडघ्यानं.

आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. गावात एक मोटरवाला आहे, यंत्रानं माणूस उतरवतो. बटण दाबलं की खाली, बटण दाबलं की वर. तो साडूला किती दिवस बोलावतोय, "ये की माझ्याकडं, माझ्या मोटरीला तुमची वजनं लागत नाहीत, आणि तुला खाली उतरायची पण गरज नाही, बटणावर बस." मला हे माहीत होतं. साडूला माहीत होतं की मला माहीत आहे. तो तिथं वर लटकलेला आणि मी खाली बसलेलो, आणि मी म्हटलं, "जा तू. मोटरवाल्याकडं जा. मी नाही रागावणार." जन्मात पहिल्यांदा बोललो असेन असं.

साडूनं वरनंच बघितलं माझ्याकडं. पायाच्या नखापासून, सावकाश, ओढणीपर्यंत. ओढणी अजून होती ना कमरेला. आणि म्हणाला, "एवढा वाढून ठेवलाय समोर. टाकायचं का?"

बस. उतरला आणि दोर खांद्यावर टाकून चालायला लागला. चहा सुद्धा नाही प्यायला.

तेव्हापासून तो खाली आणि मी वर. ही तिसरी विहीर. खोकला त्याला पहिलीतच लागला. मी अर्धाच पाव खातोय आता, बायकोला विचारा, ताटाला पाठ करून बसतो मी. काटा मधोमध येईल तेव्हा मी लागोपाठ उतरणार, त्याच्या सगळ्या पाळ्या फेडणार, असं मी ठरवलंय. त्याला सांगितलं तर म्हणतो, "बोलू नकोस, दोर हलतो."

थांबा, तो ओरडतोय... काय रे? बादली? बरं. वॉचमन, जरा ती दुसरी बादली ओढा, बारक्या दोरीची, माझे हात मोकळे नाहीत. मुळं असतील तिच्यात. नाही? काय आहे? डबा?

त्याचा डबा आहे हा. अर्धा भरलेलाच आहे की. अरे, जेवला का नाहीस तू? ... काय म्हणतो? ... "गारठ्यात भूक मेली. उरलंय. टाकून दे."

टाकून दे म्हणतोय. मला. आणि तो खाली हसतोय बघा, खोकत खोकत हसतोय, मला ऐकू येतंय. मुद्दाम केलंय त्यानं, मेहुणीच्या हातचं आहे हे त्याला माहीत आहे...

झाका तो डबा, बाई. झाका म्हणतो ना. लांब ठेवा. तिकडं, भिंतीपलीकडं.

...अजून गरम आहे का?

नाही, मी काय म्हणतो, उन्हात ठेवलंत तर खराबच होणार. कुत्र्यामांजराच्या तोंडी जाणार. आणि माझे तर दोन्ही हात दोरावर, सोडले तर साडूला हिसका बसणार.

जरा भरवता का कोणीतरी?